पिवळी खूण

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा सायकल दुरुस्ती, राहणार दुकानामागच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं असून तो कागद सोबत जोडला आहे. डावा गुडघा आणि हृदयाची एक झडप आऊट गेली आहे, पण त्यांचा मालमत्तेशी संबंध नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्याजोगं काही नाही.

वकिलांचं म्हणणं असं की मृत्युपत्रात कोणाला काय ते लिहावं, का ते लिहू नये. त्यांचा मान ठेवून मी दोन्ही लिहिणार आहे. हा कागद माझ्यामागे वाचायचा आहे, तेव्हा मला कोणी मध्येच थांबवू शकणार नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ही सोय मिळते आहे.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शेजारच्या औषधाच्या दुकानाच्या मालकांनी करावी. चाळीस वर्षांत त्यांनी मला एकदाही चुकीची गोळी दिली नाही, आणि माझा पायपंप नेऊन एकदाही आपणहून परत केला नाही. पंप त्यांनाच दिला आहे. आता शोधाशोध नको.

कलम २. चाकाचा आऊट, म्हणजे फिरताना येणारी डगमग, काढायचा लोखंडी स्टँड, स्पोकच्या सगळ्या चाव्या आणि कानशींचा पूर्ण संच तंत्रशाळेला द्यावा. मी सहा वर्षं दर शनिवारी तिथे चाक बांधायला शिकवतो. कानशींना तेल लावू नये. हे मी दर शनिवारी सांगतो आणि दर शनिवारी कोणीतरी लावतंच.

कलम ३. निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना आमच्या रस्त्यावर सगळे हेडसर म्हणतात, त्यांना माझा अठरा-एकोणीसचा पाना द्यावा. नऊ वर्षं ते सायकल न्यायला आले की दारात उभे राहून, चार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात की नट आवळलेत ना, की लेकीच्या वेळेसारखं? मग स्वतःच हसतात. मीही हसत आलो. यापुढे त्यांनी आपले नट आपण आवळावेत.

कलम ४. दुकान. हे कलम लांबेल. ज्यांना घाई आहे त्यांनी पुढच्या कलमावर जावं, पण धाकट्याने जाऊ नये.

धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ, माझ्याहून सतरा वर्षांनी लहान. त्याला मी वाढवला, म्हणजे माझ्या बायकोने वाढवला आणि श्रेय मी घेतलं. दुकानाची जागा माझ्या नावावर आहे, पण पाटीवर कायम आम्ही दोघे होतो. तो बोलायचा, मी काम करायचो. गिऱ्हाईक त्याच्याशी बोलून खूश व्हायचं आणि सायकल चालवून पुन्हा यायचं, असं आमचं बरं चाललं होतं.

बारा वर्षांपूर्वी त्याने कीटचं खूळ आणलं. साध्या सायकलीला मोटर, बॅटरी, कंट्रोलर आणि हँडलवर अंगठ्याने दाबायचा खटका बसवला की ती विजेवर चालते. सगळं एका खोक्यात येतं, सोबत चित्रांचा कागद येतो, आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं चित्र नेहमी सगळ्यात लहान असतं. मी आधी नाक मुरडलं. मग एक मोटर स्वतः रिममध्ये बांधली, छत्तीस स्पोक, आऊट काढला, चाक फिरवून बघितलं आणि दुपारचं जेवण विसरलो. ते काम मला मनापासून आवडलं हे इथे कबूल करतो, कारण तेव्हा मी ते धाकट्याकडे कबूल केलं नव्हतं.

आता थोडं कामाचं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मोटर चाकाला ज्या जोराने पुढे ढकलते, त्याच जोराने स्वतःच्या आसाला मागे पिळते. साध्या सायकलीचा आस नुसत्या नटावर भागतो. मोटरचा भागत नाही. चढावर जोर आला की तो चिमट्याच्या, म्हणजे चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या दांड्यांच्या, खाचेत स्वतःभोवती फिरतो, खाच फाकवतो आणि बाहेर पडतो, आणि चिमटा ॲल्युमिनियमचा असला तर फार विचारही करत नाही. म्हणून आसावर एक पोलादी पट्टी बसवायची आणि तिचं दुसरं टोक चिमट्याला स्क्रूने बांधायचं. तिला टॉर्क आर्म म्हणतात. खोक्यातली पट्टी पातळ असते, म्हणून मी जाड पोलादातून कापून, कानशीने घासून स्वतःची करत असे. धाकटा गिऱ्हाइकांना सांगायचा की दादा एका पट्टीपायी अर्धा दिवस घालवतो, आणि गिऱ्हाइकांना त्याचं म्हणणं पटायचं.

दुकानात एक रीत होती, ती मी घातली होती. शेवटचा नट ज्याने आवळला त्याने नट आणि चिमटा मिळून रंगाचा एक ठिपका द्यायचा. नट हलला तर ठिपका तुटतो आणि लगेच दिसतो. माझा रंग पिवळा, धाकट्याचा लाल. दुसऱ्याने आवळलेला नट सोडावा लागला तर त्याचा रंग आधी पुरता खरवडायचा, मग आपला द्यायचा. रंगावर रंग चढवायचा नाही. दोन माणसांच्या दुकानात ‘मला वाटलं तू केलंस’ म्हणता म्हणता गिऱ्हाइकाचे हातपाय मोडतात, म्हणून ही रीत होती.

माझी मुलगी टपाल वाटायची. तिच्याकडे वरच्या वस्तीचा भाग होता, सगळा चढ आणि खडबडीत गल्ल्या, म्हणून तिने माउंटन बाइक घेतली होती. गिअर चांगले होते, पाय तिचे त्याहून चांगले होते, पण पिशवी दर महिन्याला जड होत चालली होती. पुढच्या चाकात मोटर बसवायचं ठरलं. मी बसवली. पट्टी लावली, स्क्रू आवळला, नट आवळला, पिवळा ठिपका दिला आणि दात दुखत होता म्हणून डॉक्टरांकडे गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सायकल घेऊन गेली. चौथ्या वळणावर, भर चढावर तिने खटका दाबला, आस खाचेतून निघाला, चाक सुटलं आणि ती हँडलवरून कोपरावर पडली. कोपराचे तीन तुकडे झाले. तो हात आजही पूर्ण सरळ होत नाही. टपाल खात्याने तिला खिडकीमागे बसवलं, तिथे ती लोकांकडे पाकिटं डाव्या हाताने सरकवते.

सायकल टेम्पोतून दुकानात आली तेव्हा मी इस्पितळात होतो. परत आलो तर धाकट्याने ती स्टँडला लावली होती. पट्टी आसावर लोंबत होती, तिचा स्क्रू नव्हता, आणि नटावर पिवळा ठिपका होता. धाकटा नटाकडे बघत राहिला, म्हणून मीही बघितलं.

स्क्रू आवळल्याचं मला आठवत होतं. पण जे काम माणूस रोज करतो ते त्याला नेहमीच केल्यासारखं वाटतं, आणि आठवणीवर जाऊ नका, खूण बघा, असं मीच सगळ्यांना शिकवत आलो होतो. मी त्याच दिवशी मान्य केलं. सगळ्यांसमोर, इस्पितळाच्या व्हरांड्यात, जावयासमोर मान्य केलं.

त्यानंतर मी मोटरला हात लावला नाही. पुढचं दुकान धाकट्याला दिलं आणि मागच्या खोलीत पंक्चर आणि आऊट एवढंच करत बसलो. त्याचं कीटचं काम जोरात चाललं, त्याला कंपनीची एजन्सी मिळाली, त्याने काचेचा दरवाजा बसवला. मुलीने मला तिसऱ्याच दिवशी माफ केलं. म्हणाली, “जाऊ दे बाबा, होतं कधीकधी.” त्या माफीवर मी नऊ वर्षं काढली. ती आली की मी उठून तिला खुर्ची द्यायचो, स्वतःच्या पोरीला. तिच्या घरचा नळ गळायला लागला की ती प्लंबरला बोलवायची, आणि मी एवढा हत्यारं घेऊन बसलेला बाप असताना मला का नाही, हे विचारायची माझी छाती होत नसे. माझ्या बायकोने मरेपर्यंत मला एका शब्दाने दोष दिला नाही. पण त्या दिवसापासून मी गॅस बंद केला की ती जाऊन बटण पुन्हा बघायची.

तो नट मी जपून ठेवला होता, बाकावरच्या खणात, म्हणजे खण उघडला की मला तो दिसावा. दोन महिन्यांपूर्वी त्या खणात थिनरची बाटली लवंडली. नट पुसायला घेतला तर पिवळा रंग फडक्यावर आला. खाली लाल होता.

दुसऱ्या कोणाला यात काही दिसणार नाही. मला सगळं दिसलं. मी दातांच्या दवाखान्यात तोंड उघडून बसलो होतो तेव्हा धाकट्याने ते चाक काढलं होतं. माझी पिवळी खूण रीतीप्रमाणे खरवडली, चाक परत लावलं, नट आवळला, आपला लाल ठिपका दिला आणि पट्टीचा स्क्रू विसरला. इथपर्यंत ती चूक होती. चूक मीही केली असती. पण सायकल टेम्पोतून आली तेव्हा त्याने माझी रंगाची बाटली घेतली आणि लालवर पिवळा चढवला. घाईत खरवडायचं तेवढं राहिलं.

मी नट घेऊन पुढच्या दुकानात गेलो. भर दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं. त्याने नट बघितला आणि काचेचा दरवाजा आतून लावून घेतला. नाही म्हणाला नाही, एवढं त्याच्या बाजूने लिहितो. ब्रेक घासत होता म्हणून चाक काढलं, फोन आला, स्क्रू खोक्याच्या झाकणात राहिला, असं त्याने सांगितलं. मी विचारलं, ते झालं, पण माझा रंग का लावलास? तो हातातल्या मोजायच्या टेपचं टोक आतबाहेर करत राहिला.

“एजन्सीची माणसं त्याच आठवड्यात यायची होती. माझ्या नावाला तेव्हा ओरखडासुद्धा सोसला नसता, दादा. तुझं नाव जुनं होतं. तुला पेललं असतं.”

“आणि नऊ वर्षं?”

“रोज सांगायचं ठरवायचो,” तो म्हणाला.

मग त्याने हात जोडले आणि मुलीला काही सांगू नकोस म्हणाला. स्वतःसाठी नव्हे, तिच्यासाठी, असंही म्हणाला. मला ते ढोंग वाटलं. तरी मी शब्द दिला की जिवंतपणी मी तिला सांगणार नाही. मेल्यानंतरचा शब्द त्याने मागितला नाही आणि मी दिला नाही. म्हणून हे मृत्युपत्र.

तर, दुकान धाकट्यालाच मिळावं. अट एकच. काचेच्या दरवाज्यावर, वीतभर उंचीच्या अक्षरांत, त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली पाटी एक वर्ष लावावी. मजकूर: ‘त्या सायकलीचा नट मी आवळला होता.’ पाटी एक दिवस जरी उतरली तरी दुकान तंत्रशाळेला जावं. रंग त्याने लालच वापरावा.

कलम ५. राहत्या दोन खोल्या, त्यातलं सामान आणि बँकेतली ठेव माझ्या मुलीला द्यावी. मोरीच्या खिडकीची कडी वर उचलून मग ओढावी लागते, जोर करू नये. तिच्या आईचं शिवणयंत्र चालू आहे. मी दर महिन्याला त्याला तेल देतो.

कलम ६. सायकल. मुलीची ती माउंटन बाइक नऊ वर्षं माझ्या पलंगामागे भिंतीला टेकून होती. नट धुतला गेला त्या दिवशी मी ती बाहेर काढली आणि दोन महिने तिच्यावर काम केलं. सांधेदुखीमुळे दिवसाला चार-पाच स्पोकच होत. या वेळी मोटर मागच्या चाकात आहे, कारण मागची खाच पोलादी आहे आणि मागचं चाक निसटलं तरी माणूस तोंडावर पडत नाही. पट्ट्या दोन आहेत, दोन्ही बाजूंना एकेक, दोन्ही माझ्या हातच्या. बॅटरी खाली, पायडलजवळ ठेवली आहे, म्हणजे चढावर पुढचं चाक उचलणार नाही. वायरींना खाली एक वळसा दिला आहे, त्यामुळे पाणी वायरीवरून मोटरमध्ये न जाता तिथेच गळेल. खटका डाव्या हाताला बसवला आहे, कारण उजवं कोपर मला माहीत आहे. ब्रेक दाबला की मोटर आपोआप बंद होते. ही सायकल मुलीला द्यावी आणि वरचं चौथं कलम तिला मोठ्याने वाचून दाखवावं. माझ्या हाताने तिचा हात मोडला नाही, एवढं तिला कळावं. माझी बाकी काही मागणी नाही.

कलम ७. वर ज्याची विल्हेवाट लावलेली नाही, किंवा जे कोणत्याही कारणाने ठरलेल्या माणसाला मिळू शकणार नाही, ते सगळं तंत्रशाळेला द्यावं.

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच पेनाने, सह्यांच्या वर राखलेल्या जागेत.

वरचा मजकूर पुरा करून मी सहीसाठी औषधवाल्यांना बोलवायला गेलो. कागद बाकावर तसाच होता. समोरच्या शिंप्याला दुसरा साक्षीदार म्हणून सांगितलं होतं, पण त्याला अजून दोन बाह्या लावायच्या होत्या. मी आणि औषधवाले परत आलो तर माझी मुलगी स्टुलावर बसून शेवटचं पान वाचत होती. टपाल कचेरीतून ती आज लवकर सुटली होती.

मला आधी भीती वाटली आणि मग, खरं सांगतो, आनंद झाला. शब्द मी मोडला नव्हता, तो आपोआप मोडला होता. तिने वर बघावं आणि काहीतरी म्हणावं म्हणून मी दारातच उभा राहिलो. नऊ वर्षांत मी तिच्यासमोर इतका ताठ उभा राहिलो नव्हतो.

तिने चष्मा काढला. “बाबा, मला माहीत होतं,” ती म्हणाली.

मी विचारलं, केव्हापासून?

“दुसऱ्या दिवसापासून. काका इस्पितळात येऊन रडला. म्हणाला, बाबांचं नाव जुनं आहे, त्यांना पेलेल. मलाही तसंच वाटलं. तुम्ही काम सोडाल असं वाटलं नव्हतं. तुम्ही सोडलंत, मग सांगायचं कसं तेच कळेना.”

म्हणजे तिसऱ्या दिवशी ती मला ‘जाऊ दे बाबा’ म्हणाली तेव्हा तिला माहीत होतं. खुर्ची घेत होती तेव्हा माहीत होतं. तिची आई गॅसचं बटण तपासायला उठायची तेव्हा ती त्याच स्वयंपाकघरात बसलेली असायची. धाकट्याने हात जोडले ते ढोंग नव्हतं, तो तिला झाकत होता. त्या दोघांनी माझ्याबद्दल एकमेकांशी बोलून घेतलं होतं आणि मी दोघांचीही माफी मागत होतो. भावाचं मी गिळलं असतं. हे माझ्याने गिळवत नाही, आणि वकील काहीही म्हणोत, ते मी इथे लिहिणार.

ती रडली नाही. पेन मागितला. म्हणाली, दुसरा साक्षीदार हवा आहे ना, मी सही करते. तेव्हा औषधवाले घाईघाईने मध्ये पडले. साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्याच मृत्युपत्रातलं काही घेता येत नाही, हे त्यांनी तिला दोनदा समजावून सांगितलं. खोल्या जातील, ठेव जाईल, आईचं यंत्रही जाईल. शिंपी येईलच इतक्यात, थांब जरा, असंही म्हणाले. तिने माझ्याकडे बघितलं आणि सायकलही का, एवढंच विचारलं. मी म्हणालो, सायकलही.

“बरोबर आहे,” असं म्हणून तिने कागद पुढे ओढला.

मी तिला थांबवू शकलो असतो. एक शब्द पुरला असता. मी बोललो नाही, आणि ती सही करत असताना तिचं कोपर बाकावर नीट टेकत नव्हतं ते बघत राहिलो. मला तिचा राग आला आहे. तो किती दिवस पुरेल ते सांगता येत नाही, म्हणून मृत्युपत्रात बदल करत नाही. मात्र मी जिवंत आहे तोवर सायकल माझी आहे, आणि ती कोणाला चालवायला द्यायची ते मी ठरवणार.

वरील सर्व मजकूर मी वाचला असून तो माझाच आहे.

ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: ११ नोव्हेंबर, मंगळवार

(सही) मृत्युपत्र करणारा

आम्हा दोघांच्या समक्ष त्यांनी सही केली आणि त्यांच्या समक्ष आम्ही केली.

साक्षीदार पहिला: (सही) औषधाच्या दुकानाचा मालक. पंप उद्या सकाळी आणून देतो.

साक्षीदार दुसरी: (सही) मृत्युपत्र करणाऱ्याची मुलगी. साक्षीदाराने मजकूर खरा की खोटा हे सांगायचं नसतं, तरी लिहिते. नट काकाने आवळला होता. बाबांनी नाही.